पाहणीला आलेल्यांना जिताडा

पनवेलच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गाला माझ्याइतकी हजेरी कुणाचीच नाही, एक दिवस चुकवला नाही. फक्त मी वर्गाच्या बाहेर बसायचो, स्टुलावर, आणि तास संपला की घंटा द्यायचो.

शाळा माझी चौथीत सुटली. म्हणजे मी सोडली नाही, मास्तरांनीच हात जोडले. पण शिपायाच्या स्टुलावर बसून माणूस बरंच शिकतो. खिडकीतून अर्धा तास ऐकायचा, अर्धा तास झोपायचं. त्यामुळं माझं सगळं शिक्षण अर्धं अर्धं झालं. क्रांती कशी सुरू झाली ते मला सांगता येतं, पुढं काय झालं ते विचारू नका.

समाजशास्त्राच्या एक मॅडम होत्या. नव्वद सालाच्या आगंमागं त्यांनी एक नवीनच प्रकार काढला. मुंबईच्या कुठल्याशा जुन्या शेठच्या ट्रस्टशी त्यांची ओळख होती. ट्रस्टनं सांगितलं, दरवर्षी आम्ही एक रक्कम देऊ, ती कुणाला द्यायची ते तुमच्या पोरांनी ठरवायचं. वहीत लिहून नाही, खरोखर. आजूबाजूच्या गावांत फिरायचं, कोण काय चांगलं काम करतंय ते शोधायचं, अर्ज घ्यायचे, जागेवर जाऊन बघायचं, मग वर्गात बसून भांडायचं आणि शेवटी एकालाच द्यायचं. थोडं याला थोडं त्याला असं चालणार नाही, ही मॅडमची अट.

पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, "देणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. बाकीच्यांना नाही म्हणायचं आणि त्यांची तोंडं लक्षात ठेवायची, हे जमलं तर तुम्हाला देता आलं."

मी बाहेर ऐकलं आणि मला हसू आलं. मी जन्मात कुणाला हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. मी फक्त "आणतो" म्हणायचो.

पाच पोरं होती त्या गटात. त्यातली दोन माझ्या चांगली लक्षात आहेत. एक नवीन पनवेलच्या कॉलनीतली चष्मेवाली, फार कमी बोलणारी. दुसरा फायलीवाला. त्याच्या काखेत कायम फाईल. जेवताना पण. त्यानं गरज, काम, हिशोब, गावाचा पाठिंबा असे रकाने पाडले होते आणि प्रत्येक रकान्याला दहापैकी मार्क. मी त्याला म्हटलं, "माझे किती?" तो म्हणाला, "मामा, तुमचं तर गुणपत्रकच हरवलंय." पोरगं हुशार होतं.

आता माझ्या बहिणीचं सांगतो. खरं तर तिचंच सांगायचंय, पण मी असा रस्त्यात थांबत थांबत येतो.

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून. बहीण माझ्याहून मोठी. तिला आम्ही बाय म्हणायचो. लग्न गावातच झालं, नवरा लवकर गेला, मूल एकच, ती पोरगी सासरी. बाय मिठागरात कामाला. डोक्यावर घमेलं, घमेल्यात मीठ, आणि अनवाणी बांधावरून मिठाच्या राशीपर्यंत. वीस-बावीस वर्षं हे केलं. खाऱ्या पाण्यानं तिचे पाय असे चिरले होते की भेगांत बोटाचं पेर जाईल. शेवटी पाय टेकेनात तेव्हा मुकादमानं सांगितलं, बाय, तू आता बसून राहा.

बसून राहिली तर बाकीच्या बायांनी आपली पोरं तिच्याकडं सोडायला सुरुवात केली. त्याआधी काय करायच्या? बांधावर खुंटी ठोकायची, जुन्या लुगड्याची पट्टी पोराच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक खुंटीला. एक बाजूला मिठाचं आगर, एक बाजूला खाडी. आई मीठ वाहतेय आणि पोर त्या पट्टीच्या लांबीएवढ्या जगात फिरतंय. मी पण तसाच वाढलो. त्यामुळंच मला अजून स्टुलापासून लांब जाता येत नाही.

मिठागराच्या कडेला पोती ठेवायची एक पडकी खोप होती. बाय तिथं पोरं सांभाळायची. चौदा-पंधरा पोरं. अंगावर पिणारं असेल तर वेळेला आईकडं नेऊन द्यायची, पुन्हा आणायची, त्या तसल्या पायांनी. बदल्यात काय, तर कुणी मूठभर तांदूळ, कुणी सुके बोंबील. पोरांना शिंपले मोजायला शिकवायची. स्वतःला वीसपर्यंतच येत होतं, म्हणून तिच्याकडची सगळी पोरं वीसला थांबायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.

त्या वर्षी खोपीचं छप्पर अर्धं गेलं. मिठागराचा मालक म्हणाला, दुरुस्त करा आणि वापरा, मी एक खिळा देणार नाही. आणि मूठभर तांदळावर बायचं भागत नव्हतं. नवीन पनवेलला बिल्डिंगीत धुण्याभांड्याचं काम मिळत होतं. ती मला म्हणाली, "या मोसमाला काय तरी झाला तर बरा. नाय तर मी जाते भांडी घासाया. पोरांचा मंग त्यांच्या आया बगतील."

आया काय बघणार, ते तिलाही माहीत होतं, मलाही.

पत्रे, कोबा, खाडीच्या बाजूला कुंपण आणि बायला दर महिन्याला चार पैसे. एवढंच पाहिजे होतं. मी चष्मेवालीला गाठलं, ती अर्ज लिहायला बसली. तिनं विचारलं, "संस्थेचं नाव काय?" मी म्हटलं, "बाय." तिनं विचारलं, "कार्यकारिणी?" मी म्हटलं, "बाय." तिनं विचारलं, "शैक्षणिक पात्रता?" मी म्हटलं, "वीसपर्यंत." ती हसली नाही. तिनं सगळं नीट लिहिलं.

अर्ज निवडला गेला. शेवटच्या तिघांत बायचं नाव आलं. बातमी ऐकून मी त्या दिवशी घंटा पाच मिनिटं आधी दिली. प्रिन्सिपॉलांनी झापलं, पण मला ऐकूच गेलं नाही.

मग पाहणीची तारीख ठरली. आणि इथून पुढं माझा शहाणपणा सुरू होतो.

आमच्याकडं एक रीत आहे. घरी माणूस येणार म्हटलं की घराचं घरपण बदलतं. आपल्याकडं काय नाही ते आलेल्याला दिसता कामा नये. शेजारच्या घरातून ताटं येतात, पलीकडून चादर येते, कुणाचं घड्याळ भिंतीवर लागतं. पाहुणा गेला की सगळं आपापल्या घरी परत. यात कुणाला खोटं वाटत नाही. उद्या त्यांच्याकडं पाहुणा आला की आपली कढई तिकडं जाते. आणि ज्याच्याकडं काम आहे अशा मोठ्या माणसाला तर जिताडा. खाडीचा मोठा मासा. साहेब असो, डॉक्टर असो, वकील असो, जिताडा पोचला की आपली मान ताठ.

मी आदल्या दिवशीच रजा टाकून गावात गेलो. मंडपवाला माझ्या ओळखीचा. त्याच्याकडून वीस खुर्च्या आणल्या, एकसारखे स्टीलचे ग्लास आणले. मोडक्या छपराखालून मंडपाचं रंगीत कापड असं ताणून बांधलं की आभाळ दिसायचं बंद झालं. बायांनी जमीन सारवली, दारात रांगोळी काढली. घराघरांतून लग्नाहळदीत घालायचे कपडे मागवले आणि पंधराच्या पंधरा पोरांना नटवलं. एका पोराच्या अंगात त्याच्या काकाच्या लग्नातला कोट होता, गुडघ्याखाली.

बाय कोपऱ्यात बसून बघत होती. म्हणाली, "भावड्या, ह्या कशाला रं? हाय तसा दाखव ना."

"अगं बाय, कॉलेजची माणसं येतायत. आपली काय इज्जत हाय का नाय?"

"मंग बांधावरच्या खुंट्या तरी ठेव. त्या बगू दे त्यांना."

मी त्या आधीच उपटून मिठाच्या राशीमागं टाकल्या होत्या. लाज वाटली मला. मी तिला म्हटलं, "तू फक्त एक कर. त्या पायांवर लुगडा घे आणि चपला घाल. बाकी माझ्यावर सोड."

आयुष्यात कुणी माझ्यावर काही सोडलं नव्हतं. तिनं सोडलं.

पोरं आली, मॅडम आल्या. खुर्च्या बघून फायलीवाला जरा थबकला. नटलेल्या पोरांनी एका सुरात नमस्ते केलं आणि वीसपर्यंत मोजून दाखवलं. मग जेवणं. जिताड्याचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. फायलीवाला शाकाहारी निघाला, त्याच्यासाठी धावत जाऊन वालाचं बिरडं आणलं. मी मधे उभा राहून विनोद करत होतो. म्हटलं, "आमची पोरं तुमच्या हॉस्टेलपेक्षा चांगलं जेवतात. उद्या तुम्हीच इथं नाव घाला!" सगळे खो खो हसले. मी माझ्यावर खूश.

जेवता जेवता फायलीवाल्यानं फाईल उघडली आणि बायला विचारलं, "मावशी, तुम्हाला इथं सगळ्यात जास्त गरज कशाची आहे?"

हा प्रश्न होता. याच्यासाठी सगळं चाललं होतं.

बायनं त्याच्या ताटाकडं बघितलं. घास त्याच्या हातात होता. जेवणाऱ्या माणसाकडं आमच्यात कुणी मागत नाही, मेलं तरी. ती म्हणाली, "कशाची गरज, बाबा? देवाच्या दयेनं सगला हाय. तू जेव. आनखी एक भाकरी घे."

आणि मी, मंडपवाल्याच्या खुर्चीला टेकून, म्हणालो, "आमच्या बायला काय कमी आहे!"

फायलीवाल्यानं ते लिहून घेतलं.

निकालाचा तास गुरुवारी होता. मी स्टूल दाराच्या अगदी जवळ सरकवलं होतं. शेवटच्या तिघांतला एक गडी तळोज्याच्या बाजूला बहिऱ्या पोरांचा वर्ग चालवायचा. तिथं म्हणे पाहणीला गेल्यावर बसायला सतरंजी पण नव्हती. त्या मास्तरनं सगळ्यांना उभं ठेवलं, गळका नळ दाखवला आणि तोंडावर सांगितलं, पैसे दिले नाहीत तर जूनमध्ये बंद. पाण्याचासुद्धा ग्लास विचारला नाही. मनात म्हटलं, काय माणूस आहे! आज कळतं, त्याला पोरांची काळजी होती आणि मला माझ्या खुर्च्यांची.

फायलीवाला बोलत होता. "मामांच्या बहिणीचं काम चांगलंच आहे, मला आवडलं. पण त्यांना आपली गरज नाहीये. सगळं गाव पाठीशी आहे. अर्जात छप्पर गेलंय लिहिलंय, पण आपल्याला कुठं आभाळ दिसलं? वीस खुर्च्या आहेत. मुलांच्या अंगावर आपल्यापेक्षा भारी कपडे. त्या स्वतःच म्हणाल्या, सगळं आहे. मी गरजेला दोन मार्क दिले."

तो खोटं काहीच बोलत नव्हता. त्यानं जे बघितलं ते मीच दाखवलं होतं.

मग चष्मेवालीचा आवाज आला. "त्या बाई सारख्या पाय झाकत होत्या. पायात चपला होत्या, पण चालता येत नव्हतं त्यांना. काहीतरी होतं, मॅडम. कुणीतरी परत एकदा जाऊन बघायला पाहिजे, न सांगता."

मॅडम म्हणाल्या, "तुला काय दिसलं ते सांग. काय वाटलं त्याच्यावर देता येणार नाही."

तिनं वही मिटली.

मी स्टुलावरून उठलो. दारात गेलो. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पाच पोरं, मॅडम, फळ्यावर तीन नावं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मॅडम, खुर्च्या मंडपवाल्याच्या आहेत. चार-पाच शब्द. ते म्हटलं असतं तर मी खोटारडा ठरलो असतो. गावाची शोभा झाली असती. वर नोकरीचीही भीती. पण खरं सांगायचं तर यातलं काहीच तेव्हा डोक्यात आलं नाही. वर्गातली इतकी माणसं माझ्याकडं बघतायत आणि हसत नाहीत, असं कधी झालंच नव्हतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली.

मॅडम म्हणाल्या, "काय मामा?"

मी म्हणालो, "चहा आणू का, मॅडम?"

आणला. सहा कप. परत आलो तोवर हात वर करून झाले होते. चार तळोज्याला, एक बायला. चष्मेवालीनं चहा घेतला नाही.

बायला सांगायला गेलो तेव्हा मी बरीच तयारी केली होती. म्हटलं हसत हसत सांगू. "बाय, तू इतकी श्रीमंत दिसलीस की ट्रस्टवाले तुझ्याकडंच देणगी मागतील!" असं मी खरंच म्हणालो. ती एका पोराचं नाक पुसत होती. तिनं नाक पुसून पुरं केलं. मग म्हणाली, "बरा झाला. बहिऱ्या पोरांना मिलाला." एवढंच. जिताडा कुणाच्या जाळ्यातला होता आणि त्याला काय द्यायचं राहिलं, ते विचारलं. ते देणं पण तिनंच फेडलं.

पावसाळ्यात खोप बसली. मालकानं लाकूड उचलून नेलं. बाय गणपतीनंतर नवीन पनवेलला भांड्याला लागली. चार घरं, तीन जिने. रोज त्या पायांनी.

पुढच्या मोसमात मी काही कामानं मिठागरावरून चाललो होतो. बांधावर पोरं बांधलेली होती. पाच-सहा दिसली. एक पोरगी होती, दोनेक वर्षांची, बायकडं वर्षभर राहिलेली. तिच्यासमोर शिंपले होते. काही ती ओळीत मांडत होती, पण पट्टी पुरत नव्हती, म्हणून पुढचा शिंपला तिच्या हाताला लागत नव्हता. ती रडत नव्हती. हात लांब करायची, पट्टी ताणली जायची, परत बसायची. मी तो शिंपला उचलून तिच्याजवळ ठेवला. तेवढ्यात तिची आई घमेलं घेऊन आली, मला म्हणाली, "काका, तिकडून चाला, डोक्यावर मीठ हाय." मी तिकडून चाललो. बांध संपेपर्यंत मी मागं बघितलं नाही. एरवी मला कुठंही विनोद सुचतो, अगदी मयतीत सुद्धा, लोकांनी मला त्याबद्दल हाकललंय. त्या बांधावर नाही सुचला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. खुर्च्या, कापड, कोट, खुंट्या, पाय. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी त्या मुलीला गप्प बसवलं, मामा. ते माझं झालं." आणि म्हणाल्या, "यंदा परत अर्ज करा." पण खोप नव्हती, मालक आता जागा देत नव्हता, आणि बायनं दोन्ही हात जोडून सांगितलं, परत पाहुने आनू नको.

मॅडम म्हणाल्या, "मग निदान यंदाच्या पोरांना हे सांगाल? वर्गात उभं राहून?"

असा मी पहिल्यांदा वर्गात गेलो, डस्टर ठेवायला नाही, बोलायला. आणि काय सांगू, काय रंगला तास! काकाच्या कोटातलं पोर मी नक्कल करून दाखवलं. "कार्यकारिणी? बाय!" याला पोरांनी बाकं बडवली. "चहा आणू का" याला तर मागच्या बाकावरची पोरं पोट धरून खाली वाकली. मॅडम हसल्या नाहीत, पण शेवटी म्हणाल्या, "आजचा तास मामांनी घेतला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घंटा द्यायचीच विसरलो.

तिथून मी सरळ नवीन पनवेलला गेलो, बाय ज्या बिल्डिंगीत होती तिथं. मागच्या मोरीत ती भांड्यांच्या ढिगात बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पोरं कशी हसली, टाळ्या कशा पडल्या, मॅडम काय म्हणाल्या. म्हटलं, "बाय, तुज्यामुलं मी मास्तर झालो."

ती राखेनं पातेलं घासत होती. म्हणाली, "मंग पोरांचा काय सांगितलास?"

"कुठल्या पोरांचा?"

"बांधावरच्या."

मी आठवून बघितलं. कोट सांगितला होता. चहा सांगितला होता. माझं चौथी नापास, माझी चिकटलेली जीभ, सगळं सांगितलं होतं. शिंपल्याकडं हात लांब करणारी ती पोरगी मी सांगितली नव्हती.

"ऱ्हायला," मी म्हणालो.

बायनं पातेलं विसळलं, उपडं घातलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू सवताला शिव्या दिल्यास तरी गोष्ट तुजीच असते रं. सर बाजूला, नलाचा पानी जाईल."